दीड वीत भिंत

दिवाळी चार दिवसांवर आली आणि सुभद्रेने भिंतीवरचा कागद काढायला घेतला. आधीच्या भाडेकरूने हौसेने लावलेला वेलबुट्टीचा कागद. ओल चढून त्याचं पार पोतेरं झालं होतं. तिने रिठे उकळले, त्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि फडक्याने भिंत भिजवत सुटली. घटकाभर मुरू दिलं की आतली खळ सुटायची आणि उलथन्याने कागद सायीसारखा निघायचा.

शेजारचा गंगाधर कालच सांगून गेला होता, की कशाला खरवडत बसता, वरून नवा कागद चिकटवू, खळ मी शिजवून देतो. त्याचं असंच. एकटा जीव, भोईवाड्यात एका डॉक्टरकडे कंपाउंडर. पण सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं त्याने तिचं केलं. दोन भाऊबिजा तिने त्यालाच ओवाळलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला त्या दुपारी तिचा नवरा दत्ताराम गॅलरीत उभा होता. गोळी मांडीत घुसली. बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. तिने त्याला ओढत आत आणलं, एका हाताने लुगडं दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने भिंतीवर बत्ता आपटत गंगाधरला हाका मारल्या. दोन तास. रक्त काही थांबेना. दत्ताराम गेला.

कर्फ्यू उठल्यावर गंगाधर आला आणि तिच्यासमोर बसून लहान मुलासारखा रडला.

"ताई, दीड वीत जाड भिंत. एक हाक ऐकू आली असती तर सरपटत आलो असतो."

तिने विश्वास ठेवला. भिंत जाड होतीच.

आज दुपारी तिने कोपऱ्यातल्या ट्रंका सरकवल्या आणि त्यांच्यामागचा कागद भिजवून ओढला. खाली चुना नव्हताच. फळ्या होत्या, बिजागऱ्या होत्या. दोन्ही खोल्या कधीतरी एकाच बिऱ्हाडाच्या असतील, तेव्हाचं मधलं दार. फटीतून गंगाधरच्या कपाटाची पाठ दिसत होती.

सुभद्रा त्या फटीकडे बघत राहिली. मग स्वतःचीच समजूत घालू लागली. दार असलं म्हणून काय झालं? पुढे एवढं कपाट आहे, अडला असेल आवाज. ज्याला भाऊ म्हटलं, ज्याच्या कपाळाला कुंकू लावलं, त्याला असं मनातून काढून टाकणं तिच्या जिवावर आलं.

संध्याकाळी पलीकडे कुलूप निघालं. चपला काढल्याचा आवाज आला. एरवी असले आवाज गॅलरीतून येतात असंच ती धरून चालायची. तिने उठून आपलं दार लावलं, खिडकी लावली, स्टोव्ह बंद केला. फळ्यांजवळ ती गेलीच नाही. दत्तारामचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती त्याच जागी जाऊन बसली आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात म्हणाली,

"गंगाधरभाऊ, चहा टाकलाय."

"आलो, ताई," पलीकडून लगेच उत्तर आलं.