ताईचा दम

विमा कंपनीची लिफ्ट बंद होती म्हणून ताई तीन मजले पाच वेळा थांबत चढली. माझ्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी डॉक्टरांनी महागडे प्रोटॉन किरण सुचवले होते आणि त्यांच्या खर्चाचा अर्ज दोनदा परत आला होता. "साधे किरण घ्या की," कारकून माझी फाइल चाळत म्हणाला. "वीस वर्षांपूर्वी तुमच्या ताईंनी तेच घेतले ना? आहेत की ठणठणीत." ताईला उत्तर द्यायचं होतं, पण दम लागून शब्द फुटेना. मीच चिडून म्हणाले, "त्याच किरणांनी तिचं हृदय अधू केलंय. प्रोटॉननं माझं तरी वाचेल." "तसं कागदावर कुठंय?" "कागद कशाला?" ताई कशीबशी बोलली. "माझ्याबरोबर जिना उतरा आणि पुन्हा चढा." तो ओशाळला. "मावशी, माझ्या हातात काही नाही. मोठे साहेब पाचव्या मजल्यावर बसतात." ताईनं टेबलावरची फाइल उचलली आणि जिन्याचा कठडा धरला.