चौथा कागद

तिसरा कागदही वाया गेला. टायपिस्टने तो मशीनमधून ओढून काढला, चुरगळला आणि टेबलाखाली टाकला. वीस वर्षं तो कोर्टाच्या जिन्याखाली बसून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करत होता. खाडाखोड केलेला कागद आत घेत नाहीत, आणि याच्या हातून खाडाखोड होत नाही, अशी त्याची ख्याती होती. आज त्या ख्यातीचे पार बारा वाजले होते.

समोरच्या बाकावर त्याची पूर्वीची बायको, तिचा आताचा नवरा आणि मधोमध अकरा वर्षांची मुलगी बसली होती. मुलगी टायपिस्टची. नवरा इंजिनिअर, त्याला परदेशात पूल बांधायचं काम मिळालं होतं. मुलगी कायद्याने त्याची झाली तरच तिला सोबत नेता येणार होतं. नाही म्हणावं तर त्यांचा संसार अडकणार, हो म्हणावं तर आपली पोर जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. टायपिस्टने हो म्हटलं होतं आणि तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

संमतीपत्र दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेऊ, असं इंजिनिअरने सुचवलं होतं. पण रांगेतल्या बाकीच्या टायपिस्टांनी ते वाचलं असतं आणि चहाच्या वेळेपर्यंत आवारभर बोभाटा झाला असता. म्हणून आपल्या गळ्यातला फास आपणच आवळायची वेळ त्याच्यावर आली. जिन्याखाली जेमतेम एक टेबल मावायचं. मागे भिंत, समोर हे तिघं. पळून जायचं म्हटलं तरी आधी त्यांनाच उठवावं लागलं असतं.

पहिल्या कागदावर आजच्या तारखेच्या जागी मुलीची जन्मतारीख पडली. दुसऱ्यावर एक अख्खी ओळ गळाली. तिसऱ्यावर 'मुलीवर माझा कोणताही हक्क राहणार नाही' यातला 'नाही' राहून गेला. इंजिनिअरने तो कागद वाचला, बरोबर आहे म्हणाला, सहीसाठी पेनही पुढे केलं. टायपिस्टला गप्प बसता आलं असतं. पण चुकीचा कागद आत गेला की परत येतो, आणि मग पोरीचं जाणं लटकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? चूक त्यानेच दाखवली. स्वतःच्या हुशारीचा एवढा राग त्याला आयुष्यात आला नव्हता.

कागद घ्यायची खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं उरली. त्याने चौथा कागद मशीनमध्ये चढवला, तो तिरका बसला.

"बाबा, सरका. मी करते," मुलगी म्हणाली.

दर रविवारी त्यानेच तिला शिकवलं होतं, दहाही बोटांनी, मशीनकडे न बघता. ती त्याच्या खुर्चीत बसली आणि सपासप सुरू झाली. कुठे अडखळली नाही, थांबली नाही. हिला जायची एवढी घाई आहे तर, असं त्याच्या मनात आलं. तिची आई खाली मान घालून बसली होती. इंजिनिअर घड्याळ बघत होता.

कागद हातात आला तसं टायपिस्टने पेन उचललं. एकदाचं संपवायचं होतं. मुलीने त्याचा हात धरला.

"आधी वाचा. न वाचता सही करू नका, असं गिऱ्हाइकांना तुम्हीच दटावता ना?"

त्याने वाचलं. तारीख बरोबर होती. ओळी पूर्ण होत्या. मुलीवर त्याचा कोणताही हक्क राहणार नव्हता, तेही नीट लिहिलं होतं. आणि त्याच्या खाली, नमुन्यात कुठेच नसलेलं आणखी एक वाक्य होतं, अगदी कोर्टाच्या भाषेत: 'मात्र मुलीचा वडिलांवरील हक्क कायम अबाधित राहील.'