हौसाचा झेल

अमेरिकन पाद्र्याकडून शिकलेला बेसबॉल आदाप्पा गुरुजी निपाणीच्या शाळेतल्या मुलींना शिकवत. तिसरीतली हौसा तर कितीही उंच उडालेला चेंडू झेलायची. आठवडाभर ती आलीच नाही, तेव्हा तिला शाळेतून काढू नका म्हणून बापाला विनवायला गुरुजी तिच्या घरी गेले. दारात मांडव होता. अक्षता पडून गेल्या होत्या आणि नवरा-नवरीचा फुलांच्या चेंडूचा खेळ रंगला होता.

"हौसे, नीट झेल गं, न्हाईतर दाल्ला हसंल!" एक म्हातारी म्हणाली. मिशा पिकलेल्या बिजवराने चेंडू टाकला. हौसाने तो दोन्ही हातांनी अलगद झेलला. गर्दीत गुरुजी दिसताच ती आनंदाने ओरडली,



"गुरुजी, झेलला! आता ह्यो बाद झाला न्हवं?"