चौथं नाणं

सैफ, माझा धाकटा दीर, नाण्यांची जादू शिकत होता. माझी दीड वर्षांची माहेनूर दिसेल ते तोंडात घालते, म्हणून मी बजावलं, "तीनच नाणी घे. तेवढ्यांवर माझी नजर राहते."

"भाभी, तीनात मजा नाही. दोन्ही हातांत दोन-दोन असली की बघणारा गोंधळतो. तुम्ही तर पोलिसापेक्षा कडक!"

त्याने चारही नाणी एकेक करून गायब केली. परत आली ती तीनच.

आधी वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा उतरला होता. आम्ही सतरंजी झटकली, त्याचे खिसे उलटे केले. माहेनूर तर माझ्या मांडीवरून हललीही नव्हती. तरी मी तिला उचललं आणि रिक्षाने जळगावातला दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पुन्हा उजेडाला धरला. मीच पुढे वाकले. पोरीच्या पोटात नाणं स्वच्छ दिसत होतं. त्याच्याभोवती बारीक हाडं होती. बोटांची. त्यांनी नाणं कडेने घट्ट धरलं होतं.

सैफने माझा दंड पकडला.

"भाभी, नाणं लपवताना आम्ही अस्संच धरतो."