चिमीचं इन्सुलिन

चिमीला साखर निघाली. जनावरांच्या डॉक्टरांनी माणसांचंच इन्सुलिन लिहून दिलं. बुद्धरत्ननं संतपूरहून तडक बिदर गाठलं आणि मांजरासाठी बाटली आणली. आठवडाभरातच फ्रीजमधली ती बाटली निम्मी झालेली बघून त्याचं डोकं फिरलं.

"माय, चिमीचं औषध सांडलीस का?"

"सांडीन कामून?" कोंडाबाई म्हणाली. "मीच टोचून घ्यायलेय."

"मांजराचं औषध घ्यायलीस? लाज न्हाई वाटली?"

"वाटली की!" कोंडाबाई कडाडली. "माझं संपलंय म्हणून कवापासून सांगायलेय तुला. रोज उद्या आणतो म्हणायलास. तिनं तर तोंडानं मागितलं बी न्हवतं!"