पाटी लांबून वाचायची

दार बाबांनीच उघडलं. मुलगा आत दाढी करत होता, म्हणून घोटाळा झाला. नाहीतर हल्ली बेल वाजली की आधी तोच धावायचा. दारात एक बाई आणि तिचा नवरा उभे होते. बाईच्या हातात पांढरी फुलं होती.

"ब्लॉग लिहितात ते इथेच राहतात ना? पाटीवाल्या बाबांचे चिरंजीव? खालच्या दुकानाची पाटी फोटोत होती, त्यावरून घर सापडलं. बाबा गेल्याचं वाचलं आणि राहवलंच नाही हो."

त्याचा वस्तरा गालावरच थांबला.

पाटीवाले बाबा म्हणजे त्याचे वडील. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. आणि ते गेले होते हे खरं, पण फक्त ब्लॉगवर. घरात ते धडधाकट होते. आत्ता दाराची कडी धरून उभे होते.

सुरुवातीला तो ब्लॉगवर मोबाइल कुठला घ्यावा, वजन कसं घटवावं असलं काहीबाही लिहायचा. तिकडे काळं कुत्रंही फिरकत नव्हतं. शेवटी बायको म्हणाली, "अरे, लोकांना माहिती नकोय, माणूस हवाय. घरात एवढे बाबा आहेत, त्यांच्यावर लिही की!"

मग त्याने लिहिलं. पाटी पुरी झाली की बाबा ब्रश खाली ठेवून रस्ता ओलांडायचे आणि पलीकडून ती वाचायचे. "पाटी लांबून वाचायची," म्हणायचे, "गिऱ्हाईक लांबूनच येतं." कोपऱ्यावरच्या दवाखान्याची पाटी त्यांनी पुसून पुन्हा लिहिली होती, कारण पलीकडून एक अक्षर आजारी दिसत होतं. लोकांना हे फार आवडलं. वाचक आले, त्यांनी आणखी वाचक आणले. तोही हट्टाला पेटला. एकेक वाक्य घासूनपुसून लिहू लागला. दार लावून बसायचा. मध्येच बाबा दाराशी यायचे, काहीतरी सांगायचं असायचं. "आत्ता नको, बाबा. लिहितोय." लिहीत काय होता, तर बाबांवरच.

मग आठवणी संपत आल्या आणि वाचकही पांगू लागले. नव्या आठवणी विचारायच्या तर बाबांजवळ बसावं लागलं असतं. बायको माहेरी होती, अडवणारं कोणी नव्हतं. त्याने बाबांचं मरण लिहिलं. ते असं उतरलं की लिहिताना त्याचेच डोळे भरून आले. वाचकांचा पूर आला. खुलासा उद्या करू, परवा करू म्हणता म्हणता राहून गेला.

आता तो तसाच अर्ध्या गालाला फेस घेऊन बाहेर आला. बाबांनी फुलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आता काही खरं नाही, असं त्याला वाटलं.

"या, बसा," बाबा बाईंना म्हणाले. "मी त्यांचा धाकटा भाऊ. दादा... हो, गेला दादा. काही त्रास झाला नाही त्याला."

त्याने खुर्ची पुढे ओढली.

बाई बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "शेवट तर मला पाठ झालाय. काका, तुम्ही वाचलाय का?"

"चष्मा लावूनही मोबाइलवरचं दिसत नाही मला. वाचा तुम्हीच."

बाईंनी मोबाइल काढला. त्याला ओरडावंसं वाटलं, "नको!" पण ओरडला असता तर सगळंच उघडं पडलं असतं.

"'शेवटी शेवटी मी रोज संध्याकाळी बाबांच्या उशाशी बसायचो,'" बाई वाचू लागल्या. "'ते हवेत बोटाने अक्षरं काढायचे. मी ओळखायचो. ओळखलं की हसायचे. एका संध्याकाळी अक्षर अर्धंच राहिलं. बोट माझ्या हातात होतं.'"

बाबांची मान खाली गेली होती. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर हळूहळू फिरत होतं.

"हे वाचल्यापासून मीही रोज संध्याकाळी आईजवळ बसते," बाई म्हणाल्या. "आधी वेळच व्हायचा नाही."

"चांगलं करता. बसत जा," बाबा म्हणाले.

फुलं ठेवून दोघं गेले. बाबांनी दार लावलं, कडी घातली आणि त्याच्याकडे पाठ करूनच उभे राहिले. गालावरचा फेस वाळून ओढत होता. माफी मागायला त्याने तोंड उघडलं.

"लांबून छान वाचली जाते तुझी पाटी," बाबा म्हणाले. मग वळले. डोळे कोरडे होते, आवाज मात्र कापत होता. "मला मारलंस त्याचं काही नाही रे. ते आज ना उद्या खरं होणारच आहे. पण रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसायचास, हे तुला लिहवलं तरी कसं?"