तिकटीपर्यंत

नीलम्मानं लुगड्याचा काठ फाडला आणि हातातल्या बांगड्यांवर करकचून गुंडाळला. वाजू नयेत म्हणून. नर्सनं त्या काढून ठेवायला सांगितलं होतं. पण नवरा आत असा पडलेला असताना हात उघडे करायला तिचं मन घेईना.

नागाप्पाच्या पायात नांगराचा फाळ घुसल्याचं निमित्त झालं आणि धनुर्वातानं त्याला धरलं. नेसरीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात आणल्यावर डॉक्टरांनी त्याला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं, खिडकीवर काळं घोंगडं लावलं. "उजेड नको, आवाज नको, अंगाला हात नको," त्यांनी बजावलं. "खुट्ट झालं तरी झटका येईल. मोठा आला तर श्वासच अडकेल."

तेव्हापासून ती दाराबाहेर होती. बसायची, उठायची, चार पावलं जाऊन परत यायची. कुणाची वहाण वाजली तरी डोळे वटारायची.

दिवस कलताना रस्त्यावर ढोल ऐकू आला. लग्नाची वरात. आवाज जवळ आला तशी आत खाट करकरली. डॉक्टर इंजेक्शन घेऊन आत धावले. नीलम्मा बाहेर पळाली.

ती थेट बँडच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. वाजवणारे थबकले. नवऱ्या मुलाचा बाप, हंबीरराव, फेटा सावरत पुढं आला.

"बाई, बाजूला व्हा. शुभकार्य हाय."

"माझा मालक आत हाय. ढोल वाजला की त्येचं अंग कमानीगत वाकतंय, शास कोंडतोय. ही दवाखान्याची भित्त सरंपतोर वाजवू नगासा."

"बिनवाजाची वरात न्यायची व्हय? लोक काय म्हणतील?"

चिंध्या गुंडाळलेले हात तिनं खाली घेतले नाहीत. हंबीररावानं त्या हातांकडं पाहिलं, मग खिडकीवरच्या घोंगड्याकडं.

"गुंडू," तो ढोलवाल्याला म्हणाला. त्याचा आवाज आपसूक खाली आला होता. "पुढं तीन रस्ते फुटत्यात, त्या तिकटीपासनं वाजव."

गुंडूनं ढोलावर पंजा दाबून धरला. नवरा मुलगा घोड्यावरून उतरला. करवल्यांनी आपल्या बांगड्या मुठीत धरल्या. नटलीथटली माणसं भिंतीकडेनं मुकाट पुढं सरकली. एवढी माणसं अशी गप्प तिनं फक्त मयताला चालताना पाहिली होती. तिनं घाईनं मान फिरवली आणि आत आली.

डॉक्टर कपाळ पुसत बाहेर आले. "झटका उतरला. डोळा लागलाय त्यांचा. नशीब, वरात दुसरीकडं वळली."

"वळली न्हाय," नीलम्मा म्हणाली. "समोरनंच गेली की."